क्लब घसरत असताना मालकी आणि ट्रान्सफरचा हिशेब चाहत्याने कसा तपासावा

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात युरोपातील क्लबांचे चाहते आता प्रत्येक महाविद्यालयात आणि प्रत्येक वसाहतीत भेटतात. ज्यांचा क्लब वर्षानुवर्षे घसरत चालला आहे, त्यांची तक्रार बहुधा ठरलेली असते: मालकांना खेळाची पर्वा नाही, खेळाडू चुकीचे घेतले गेले, प्रशिक्षकाला वेळ मिळाला नाही. या तक्रारीत तथ्य असते, परंतु ती इतकी मोघम असते की मालकांना तिचे उत्तर देणे फार सोपे जाते. ‘पैसे खर्च करा’ अशी ओरड झाली की एक महागडा खेळाडू आणला जातो, त्याच्या स्वागताच्या चित्रफितीत चाहते रमतात आणि ज्या कारणाने क्लब घसरला ते कारण तसेच राहते. म्हणून क्लबविषयीचा राग नेमक्या शब्दांत कसा मांडावा, त्यासाठी कोणती कागदपत्रे वाचावीत आणि कोणते प्रश्न विचारावेत, हे येथे मांडले आहे. मुख्य उदाहरण मँचेस्टर युनायटेडचे घेतले आहे, कारण या क्लबचे चाहते आपल्याकडे मोठ्या संख्येने आहेत आणि त्याचे आर्थिक अहवाल कोणालाही वाचायला खुले आहेत.

क्लब कोणाच्या पैशाने विकत घेतला गेला?

मालक किती श्रीमंत आहे, हा पहिला प्रश्न नव्हे. त्याने क्लब विकत घेताना स्वतःचे पैसे घातले की कर्ज काढले, आणि कर्ज काढले असल्यास ते कोणाच्या डोक्यावर बसले, हे आधी शोधावे. अमेरिकेतील ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेड सुमारे ७९ कोटी पाउंडांना घेतला, तेव्हा त्या व्यवहाराचा मोठा भाग कर्जाऊ पैशाचा होता आणि त्यातील बरेचसे कर्ज क्लबच्याच नावे टाकण्यात आले. त्याआधी हा क्लब कर्जमुक्त होता. म्हणजे विकत घेणाऱ्याच्या कर्जाचे व्याज विकल्या गेलेल्या संस्थेने भरायचे, अशी ही रचना आहे. तेव्हापासून तिकिटे, जर्सी आणि प्रक्षेपणातून आलेल्या उत्पन्नाचा एक वाटा मैदानाकडे किंवा संघाकडे न जाता दरवर्षी सावकारांकडे जात राहिला आहे.

भागधारक आणि लाभांश हे शब्द खान्देशात नवे नाहीत. १९४५ मध्ये अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी सुरू झाली, तीच पुढे विप्रो झाली आणि तिचे समभाग अमळनेरच्या अनेक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवले. त्यामुळे लाभांश घेणे हा मुळात गुन्हा नाही, हे येथल्या वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. ज्याने भांडवल जोखमीत घातले त्याला परतावा मिळतो. युनायटेडच्या बाबतीत आक्षेप असा घ्यावा की मैदानाचे छत गळत असताना आणि कर्ज अंगावर असतानाही अनेक वर्षे लाभांश वाटला गेला. हा आक्षेप ‘मालक लोभी आहेत’ या वाक्यापेक्षा अधिक टोकदार आहे, कारण त्याला कागदाचा आधार आहे.

दुसरा प्रश्न मतांचा आहे. युनायटेडचे समभाग २०१२ पासून न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात मिळतात, तेव्हा चाहत्यांनी ते विकत घेऊन मालकांवर अंकुश का ठेवू नये, असे पुष्कळांना वाटते. परंतु तेथे समभागांचे दोन वर्ग आहेत, आणि ग्लेझर कुटुंबाकडील वर्गाच्या एका समभागाला बाजारातील समभागाच्या दहापट मते आहेत. याउलट जर्मनीत १९९८ पासून असा नियम आहे की व्यावसायिक क्लबच्या कंपनीत निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहिली पाहिजेत. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग हे त्याला ठळक अपवाद आहेत. आपल्याकडील सहकारी सूतगिरणीत किंवा साखर कारखान्यात सभासदाकडे समभाग कितीही असले तरी मत एकच असते आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवालावर त्याला उभे राहून प्रश्न विचारता येतो. जर्मन क्लबचा सभासद साधारण त्याच जागी असतो. अर्थात सभासदांची सत्ता आली म्हणजे कारभार आपोआप शुद्ध होतो असे नाही, हेही सहकाराचा अनुभव असलेल्या जिल्ह्यांना ठाऊक आहे. फरक एवढाच की तेथे प्रश्न विचारण्याची जागा नियमाने राखून ठेवलेली असते.

तिसरा प्रश्न हा की आज निर्णय कोण घेतो. ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये युनायटेडचा सुमारे २७.७ टक्के हिस्सा घेतला आणि फुटबॉलविषयक कारभार त्यांच्या गटाकडे आला. बहुमत मात्र ग्लेझर कुटुंबाकडेच राहिले. म्हणून तक्रार लिहिताना दोन रकाने करावेत. कर्ज, मतांची रचना आणि जुना लाभांश एका रकान्यात; प्रशिक्षकाची निवड, खेळाडूंची भरती, शेकडो कर्मचाऱ्यांची कपात आणि २०२४-२५ च्या हंगामाच्या मध्यावर सदस्यांच्या उरलेल्या तिकिटांना लावलेला ६६ पाउंडांचा सरसकट दर दुसऱ्या रकान्यात. हे रकाने एकत्र केले की दोन्ही बाजूंना एकमेकांकडे बोट दाखवता येते.

वार्षिक अहवालातील मोजक्या ओळी

इंग्लंड आणि वेल्समधील क्लबांचे लेखे कंपनीज हाउस या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. खासगी कंपन्यांना वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांची मुदत असते, त्यामुळे हे आकडे थोडे शिळे असतात. युनायटेड शेअर बाजारात असल्याने त्याचे आकडे दर तिमाहीला प्रसिद्ध होतात. संपूर्ण अहवाल वाचण्याची आवश्यकता नाही. एकूण उत्पन्न, वेतनखर्च, खेळाडूंच्या खरेदीचा त्या वर्षावर पडलेला भार, व्याज आणि इतर क्लबांना द्यायची शिल्लक रक्कम या ओळी काढल्या तरी चित्र उभे राहते.

२०२४-२५ चे उदाहरण घ्यावे. त्या वर्षी युनायटेडचे उत्पन्न ६६ कोटी ६५ लाख पाउंड होते, जे क्लबच्या इतिहासातील सर्वाधिक होते. तरीही तोटा ३ कोटी ३० लाख पाउंडांचा झाला, आणि त्याच हंगामात संघ इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये, १५ व्या स्थानी राहिला आणि बिलबाओला युरोपा लीगचा अंतिम सामना टॉटनहॅमकडून १-० ने हरला. हे दोन आकडे शेजारी ठेवले की ‘क्लबकडे पैसा नाही’ हा युक्तिवाद टिकत नाही आणि ‘मालक पैसे खर्चच करत नाहीत’ हाही टिकत नाही. पैसा येतो आणि जातोही. तो कोठे जातो, हा खरा विषय आहे.

‘असाधारण खर्च’ या ओळीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण निर्णयांची किंमत तेथे उघडी पडते. प्रशिक्षक एरिक टेन हाख यांचा करार जुलै २०२४ मध्ये वाढवला गेला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना काढण्यात आले. क्रीडा संचालक डॅन अॅशवर्थ जुलैमध्ये रुजू झाले आणि डिसेंबरमध्ये गेले. या फेरबदलांपोटी क्लबने सुमारे १ कोटी ४५ लाख पाउंड खर्ची टाकले. कर्मचाऱ्यांच्या जेवणाची सवलत आणि नोकऱ्या कापून जी बचत सांगितली जाते, तिच्या शेजारी ही रक्कम लिहून ठेवावी.

नफा दिसला तरी तो कोठून आला हे पाहावे. चेल्सीने २०२३-२४ मध्ये सुमारे १२ कोटी ८४ लाख पाउंड नफा दाखवला, पण त्यामागे महिला संघाची आपल्याच समूहातील दुसऱ्या कंपनीला केलेली विक्री होती. अशा नफ्याने नियमांची मर्यादा सांभाळली जाते. संघ त्यामुळे सुधारत नाही.

ट्रान्सफरची रक्कम कशी वाचावी

बहुतेक वाद येथे चुकतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा. क्लबने ५ कोटी पाउंडांना खेळाडू घेतला आणि करार पाच वर्षांचा केला, तर लेख्यात दरवर्षी १ कोटी पाउंडांचा भार पडतो. याला अमॉर्टायझेशन म्हणतात, आणि शेतकऱ्याने ट्रॅक्टरचा घसारा धरावा तसे ते समजावे. प्रत्यक्ष पैसे किती हप्त्यांत द्यायचे हे वेगळे ठरते. तीन वर्षांनी त्या खेळाडूची पुस्तकी किंमत २ कोटी उरते. तो ३ कोटींना विकला तर १ कोटी नफा, दीड कोटीला विकला तर ५० लाख तोटा.

आता युनायटेडने घेतलेल्या अँटनीचा व्यवहार पाहावा. २०२२ मध्ये आयाक्सकडून तो बोनस धरून १० कोटी युरोंपर्यंत जाणाऱ्या किमतीला आला. स्थिर रक्कम सुमारे ८ कोटी १० लाख पाउंड आणि करार २०२७ पर्यंतचा धरला, तर ढोबळ हिशेबाने तीन वर्षांनंतर सव्वातीन कोटींच्या आसपास पुस्तकी किंमत उरते. २०२५ मध्ये रेआल बेटिसकडे तो सुमारे २ कोटी २० लाख पाउंडांना गेला. म्हणजे वाईट खरेदीचा फटका खरेदीच्या दिवशी बसत नाही, तो तीन वर्षे रेंगाळतो आणि विक्रीच्या वेळी पुन्हा बसतो. या उन्हाळ्यात नवा आघाडीपटू का आला नाही, याचे उत्तर पुष्कळदा तीन उन्हाळ्यांपूर्वीच्या सहीत असते.

याच रचनेमुळे क्लबच्या स्वतःच्या अकादमीतील खेळाडू विकण्याचा मोह होतो. त्यांची पुस्तकी किंमत शून्य असल्याने विक्रीची जवळपास सगळी रक्कम नफा म्हणून दिसते. लहानपणापासून युनायटेडमध्ये वाढलेला स्कॉट मॅकटॉमिने २०२४ मध्ये नापोलीला विकला गेला, आणि पहिल्याच हंगामात तेथे विजेतेपद जिंकून इटालियन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. चाहत्यांना याचे जे दुःख झाले ते पूर्णपणे रास्त आहे, कारण अशा विक्रीने लेखे सुधारतात आणि क्लबचा आपलेपणा मात्र कमी होत जातो. तरीही दोष देताना विक्री करणाऱ्या अधिकाऱ्यासोबत त्या विक्रीची वेळ आणणाऱ्या आधीच्या खरेद्याही मोजाव्यात.

नियमांची माहिती थोडक्यात ठेवावी. प्रीमियर लीगच्या जुन्या नियमानुसार तीन वर्षांत जास्तीत जास्त १० कोटी ५० लाख पाउंड तोटा चालत असे, तोही मालकाने त्यातील मोठा भाग भांडवल घालून भरण्याच्या अटीवर. नियम मोडल्याबद्दल एव्हर्टनचे नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण कापले गेले. अपिलानंतर ते ६ झाले आणि पुढे आणखी २ गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टने ४ गुण गमावले. २०२६-२७ पासून संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत ठेवण्याचा नियम मंजूर झाला आहे; युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेच्या स्पर्धांसाठी ही मर्यादा ७० टक्के आहे. चेल्सीने मिखायलो मुद्रिकशी साडेआठ वर्षांचा करार करून वार्षिक भार हलका दाखवला, त्यानंतर हिशेबात रक्कम जास्तीत जास्त पाच वर्षांत विभागण्याचे बंधन आले.

खरेदीची नोंदवही

प्रत्येक मित्रमंडळाने एक नोंदवही किंवा संगणकावरचा तक्ता ठेवावा, असा माझा आग्रह आहे. खेळाडूचे नाव, घेतानाचे वय, स्थिर रक्कम आणि बोनस, कराराची वर्षे, तेव्हाचा प्रशिक्षक, भरतीची जबाबदारी कोणाकडे होती, प्रत्येक हंगामात खेळलेली मिनिटे आणि शेवटी तो किती रकमेला गेला, एवढे रकाने पुरेत. वेतनाचे आकडे बातम्यांत अंदाजाने येतात, म्हणून ते पेन्सिलने लिहावेत.

२०१३ मध्ये अॅलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाले तेथून ही वही भरत आणली की एक गोष्ट ठळक दिसते. पॉल पोग्बा २०१२ मध्ये क्लबमधून जवळपास फुकट गेला, २०१६ मध्ये ८ कोटी ९० लाख पाउंडांच्या तेव्हाच्या विश्वविक्रमी किमतीला परत आला आणि २०२२ मध्ये करार संपवून पुन्हा फुकट गेला. अलेक्सिस सांचेझ २०१८ मध्ये प्रचंड वेतनावर आला आणि दुसऱ्याच वर्षी त्याला इंटरकडे उसना पाठवावा लागला. मोयेस, व्हान खाल, मोरीन्यो, सोल्शार, टेन हाख असे प्रशिक्षक बदलत गेले, प्रत्येकाची खेळण्याची पद्धत वेगळी होती, आणि एकासाठी घेतलेले खेळाडू दुसऱ्याच्या रचनेत बसले नाहीत. माझ्या मते युनायटेडच्या घसरणीचे सर्वात मोठे फुटबॉलविषयक कारण हेच आहे: क्लबची स्वतःची अशी भरतीची दिशा नव्हती, म्हणून प्रत्येक प्रशिक्षकाची यादी हीच क्लबची दिशा बनली. ‘अमुक खेळाडू बेकार’ असे म्हणून हा दोष त्या खेळाडूवर ढकलू नये, आणि त्याच्या खात्यावर जाऊन शिवीगाळ तर कधीच करू नये. स्वतःची किंमत त्याने ठरवलेली नसते.

खिडकी उघडी असताना

जानेवारीची ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडू घेण्या-विकण्याची ठरलेली मुदत, आपल्याकडे शेतावरच्या भरीत पार्ट्यांच्या दिवसांत येते आणि तुरीच्या काड्यांवर वांगी भाजली जात असताना मोबाइलवर अफवांचा पाऊस पडतो. अफवा आली की ती कोणाच्या फायद्याची आहे हे प्रथम विचारावे. जुन्या क्लबकडून वेतनवाढ हवी असलेल्या खेळाडूच्या प्रतिनिधीला मोठ्या क्लबचे नाव उपयोगी पडते, आणि तिकीटविक्रीच्या आधी चाहत्यांना आशा देणे क्लबलाही सोयीचे असते. नुसता संपर्क, दोन क्लबांमध्ये रकमेवर एकमत, खेळाडूशी वेतनावर एकमत, वैद्यकीय तपासणी आणि अधिकृत घोषणा या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. बातमी नेमकी कोणत्या पायरीची आहे हे पाहूनच वहीत नोंद करावी. रक्कम ऐकताना बोनस धरला आहे का, उसनवारीनंतर विकत घेण्याची सक्ती आहे की केवळ पर्याय, आणि पुढच्या विक्रीत जुन्या क्लबचा वाटा आहे का, हे तपासावे. २०२५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडची मुदत १ सप्टेंबरला तेथील संध्याकाळी सातला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकराला संपली. शेवटच्या तासांत घाईने झालेल्या खरेद्यांवर वहीत वेगळी खूण करावी, कारण काही हंगामांनी त्या कशा ठरल्या हे पाहणे फार बोलके असते.

मागणी कशी मांडावी

फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलच्या मालकांनी सर्वात महाग तिकीट ७७ पाउंडांचे ठरवले, तेव्हा संडरलँडविरुद्धच्या सामन्यात हजारो प्रेक्षक ७७ व्या मिनिटाला उठून बाहेर पडले. त्या वेळी संघ २-० ने पुढे होता, सामना २-२ असा सुटला, आणि काही दिवसांतच मालकांनी माफी मागून वाढ मागे घेतली. एप्रिल २०२१ मध्ये बारा क्लबांनी जाहीर केलेल्या सुपर लीग या स्वतंत्र स्पर्धेतून सहाही इंग्लिश क्लब चाहत्यांच्या विरोधानंतर दोन दिवसांत बाहेर पडले. या दोन्ही वेळी मागणी एकच होती, ती समजायला सोपी होती आणि मालकांना ती त्याच दिवशी मान्य करता येण्याजोगी होती. युनायटेडच्या चाहत्यांनी २०१० मध्ये हिरवे-सोनेरी गळपट्टे घालून केलेले आंदोलन दिसायला यापेक्षा मोठे होते, पण ‘मालकांनी जावे’ या मागणीसाठी विकत घेणारा लागतो आणि विकण्याची इच्छा लागते. ती मागणी सोडू नये. मात्र तिच्यासोबत मान्य होऊ शकेल अशी एक मागणी नेहमी जोडावी, जसे तिकिटाचा दर, भरतीप्रमुखाची उघड जबाबदारी किंवा कर्जफेडीचा जाहीर आराखडा.

नवा मालक आला म्हणजे बरे होते, हे गृहीत धरू नये. पोर्ट्समथने २००८ मध्ये एफए कप जिंकला आणि २०१३ पर्यंत तो क्लब दिवाळखोरीतून चौथ्या श्रेणीपर्यंत खाली गेला. त्याला समर्थकांच्या न्यासाने विकत घेऊन सावरले. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या ‘बरी’ या इंग्लिश क्लबची मालकी डिसेंबर २०१८ मध्ये एका पाउंडात बदलली, पुढच्या वसंतात संघाने बढती मिळवली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पैशाअभावी क्लबला लीगमधून काढून टाकण्यात आले. अशाच घटनांच्या दबावाखाली २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेने स्वतंत्र नियामकाचा कायदा केला. मालकाची पार्श्वभूमी आणि पैशाचा स्रोत तपासणे हे या नियामकाचे काम आहे.

जळगावात बसून आपण मैदानातून उठून जाऊ शकत नाही, परंतु आपण बाजारपेठ आहोत. प्रायोजक आणि प्रक्षेपक भारतीय प्रेक्षकांची मोजणी करतात, म्हणून पत्र क्लबइतकेच प्रायोजकालाही पाठवावे. त्यात एक मागणी, अहवालातील एक आकडा आणि मंडळाच्या सदस्यांची नावे असावीत. अनेक समर्थक संघटनांचे सदस्यत्व परदेशातील चाहत्यांना खुले असते, ते घ्यावे.

हीच पद्धत आपल्या देशातील क्लबांनाही लावावी, कारण तेथे आपला आवाज जवळून ऐकू जातो. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगसोबत उभा राहिलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. या लीगचा १५ वर्षांचा व्यापारी करार २०२५ च्या अखेरीस संपत असल्याने २०२५-२६ चा हंगामही रखडला. पुण्याच्या संघासाठी खान्देशातून रेल्वेने जाणाऱ्या तरुणांना मालकीचा प्रश्न आधी विचारता आला असता, तर निदान संघ गेल्याची बातमी अनपेक्षित ठरली नसती. म्हणून भारतीय क्लबची वही वेगळी ठेवावी आणि तिच्या पहिल्या पानावर मालक कंपनीचे नाव, तिचा मूळ धंदा आणि तिच्या कर्जाची स्थिती लिहावी.

युनायटेडचे आर्थिक वर्ष ३० जूनला संपते आणि वार्षिक आकडे साधारण सप्टेंबरात येतात, म्हणजे उन्हाळी विंडो बंद झाल्यावर लगेच. मंडळाची बैठक त्याच आठवड्यात ठेवावी, वहीतील पेन्सिलचे आकडे अहवालाशी ताडून पाहावेत आणि पत्राचा मसुदा त्याच बैठकीत पूर्ण करावा. जानेवारीची विंडो उघडेपर्यंत उत्तर आले नाही, तर तेच पत्र नव्या तारखेसह पुन्हा पाठवावे.